कोथरूडमधील रेकी वर्ग : चोवीस पॉइंट्सपेक्षा पाच तत्त्वे मोलाची

रेकी म्हणजे शरीरावर हात ठेवून विश्वशक्ती देता येते असे मानणारी जपानी उपचारपद्धती. तिच्या प्रथम पदवीचा, म्हणजे पहिल्या पायरीचा, कोथरूडमध्ये भरणारा दोन दिवसांचा वर्ग मी नुकताच पूर्ण केला. संकटाच्या वेळी मन शांत ठेवून समोरच्या माणसाशी मायेने कसे वागावे हे शिकण्यासाठी अशा वर्गाला जावे की नाही, या विचारात असलेल्यांसाठी हा अभिप्राय आहे. माझे मत आधीच सांगते. या वर्गात जे सर्वांत कमी वेळात उरकले गेले तेच सर्वांत उपयोगाचे आहे, आणि ज्यावर दीड दिवस खर्च झाला त्याविषयीचे दावे मला पटलेले नाहीत. तरीही पैसे वाया गेले असे मी म्हणणार नाही. संस्थेचे नाव मुद्दाम दिलेले नाही, कारण मला एका संस्थेविषयी तक्रार करायची नसून या शिक्षणात काय घ्यावे आणि काय सोडावे हे सांगायचे आहे.

मी एका मोठ्या रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवक म्हणून काम करते. अपघात विभागात रुग्ण आला की डॉक्टर आणि सिस्टर त्याच्याकडे धावतात. त्याच्यासोबत आलेल्यांकडे पाहणे हे माझे काम. केसपेपर कुठे काढायचा, पोलिसांकडे नोंद का होते, रक्तपेढीत कोणाला पाठवायचे, महात्मा फुले जनआरोग्य योजनेसाठी कोणती कागदपत्रे घरून मागवायची, हे सगळे ज्यांना सांगायचे ती माणसे त्या वेळी ऐकण्याच्या अवस्थेत नसतात. कोणी रडत असते, कोणी ओरडत असते, कोणी भिंतीकडे पाहत गप्प उभे असते. हे काम बरीच वर्षे केले की दोनपैकी एक गोष्ट होऊ लागते: एक तर त्यांच्याबरोबर आपणही हादरून जातो, किंवा मन इतके निबर होते की आपण शांत दिसतो खरे, पण त्या शांतपणात ओलावा उरत नाही. मला यांमधली वाट हवी होती. आमच्या एका ज्येष्ठ सिस्टरांच्या टेबलावरच्या काचेखाली रेकीची पाच तत्त्वे लिहिलेला कागद मी कित्येकदा पाहिला होता, आणि त्यांचा स्वभावही पाहिला होता. म्हणून मी या वर्गाला नाव नोंदवले.

वर्ग एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर भरतो. शुल्क साडेचार हजार रुपये असून त्यात दोन्ही दिवसांचे जेवण, चहा, एक पुस्तिका आणि प्रमाणपत्र येते. बसायला सतरंज्या आणि ज्यांना खाली बसवत नाही त्यांच्यासाठी खुर्च्या असतात. व्यवस्था नीटनेटकी आहे आणि वेळ पाळली जाते. शिकवणाऱ्या ताई साठीच्या आहेत. त्यांचे बोलणे संथ आहे आणि प्रश्न विचारल्यावर त्या चिडत नाहीत, हे विशेष सांगायला हवे, कारण आमच्या वर्गातल्या दोन फिजिओथेरपिस्ट मुलींनी त्यांना बरेच अडचणीचे प्रश्न विचारले.

पहिल्या सकाळी रेकीचा इतिहास सांगितला जातो, आणि तिथेच मला पहिली गोष्ट खटकली. संस्थापक मिकाओ उसुई हे क्योटोच्या दोशिशा विद्यापीठातले ख्रिस्ती अध्यापक होते आणि पुढे त्यांनी शिकागो विद्यापीठात अभ्यास केला, ही कथा आम्हाला जशीच्या तशी ऐकवण्यात आली. ही कथा हवाईतल्या रेकी शिक्षिका हावायो ताकाता यांच्यामार्फत जगभर पसरली. या दोन्ही विद्यापीठांच्या नोंदींत मात्र उसुई यांचे नाव सापडलेले नाही. उसुई यांच्याविषयी भरवशाचा मजकूर हवा असेल तर तो तोक्योतल्या साइहोजी मंदिराच्या आवारात त्यांच्या शिष्यांनी 1927 मध्ये उभारलेल्या स्मारकशिळेवर आहे. त्यांचा जन्म 1865 चा. क्योटोजवळच्या कुरामा डोंगरावर उपवास आणि ध्यान केल्यानंतर त्यांनी 1922 मध्ये तोक्योत आपली उपचारपद्धती शिकवायला सुरुवात केली, आणि 1926 च्या मार्चमध्ये फुकुयामा येथे त्यांचे निधन झाले. म्हणजे त्यांच्या हाती शिकवण्यासाठी जेमतेम चार वर्षे आली.

त्या चार वर्षांतली एक घटना या वर्गात एका वाक्यातही आली नाही, याचे मला फार वाईट वाटले. 1 सप्टेंबर 1923 रोजी दुपारी बाराला दोन मिनिटे कमी असताना तोक्यो आणि योकोहामा परिसराला भूकंपाचा प्रचंड धक्का बसला. वेळ स्वयंपाकाची होती, चुली पेटलेल्या होत्या, घरे लाकडी होती आणि वारा सुटलेला होता. भूकंपाने पाडले त्याहून कितीतरी जास्त आगींनी जाळले, आणि मृतांचा आकडा एक लाखाच्या वर गेला. स्मारकशिळेवर लिहिले आहे की जखमी आणि आजारी माणसे जागोजागी कण्हत होती, ते पाहून उसुई व्यथित झाले आणि रोज शहरात फिरून लोकांवर उपचार करत राहिले. त्या उपचारांनी कोणाला शारीरिक गुण आला की नाही, हे आज कोणालाच सांगता येणार नाही. पण राखेच्या शहरात रोज सकाळी बाहेर पडणारा, अनोळखी माणसाजवळ बसणारा आणि त्याच्यावर हात ठेवणारा तो साठीकडे झुकलेला माणूस डोळ्यांसमोर आणला, की त्याच शिळेवर कोरलेली त्याची पाच तत्त्वे वेगळीच वाटू लागतात. ती आरामखुर्चीत बसून सुचलेली सुभाषिते राहत नाहीत. रेकी शिकवणाऱ्या प्रत्येकाने सुरुवात या घटनेपासून करावी, असे माझे प्रामाणिक मत आहे.

पहिल्या दिवसाचा उरलेला वेळ आणि दुसऱ्या दिवसाची दुपारपर्यंतची वेळ शक्तिपात (शिक्षकाने शिष्याला ही शक्ती देण्याचा विधी), सप्तचक्रे आणि चोवीस पॉइंट्स यांत जाते. डोळ्यांपासून तळपायांपर्यंत शरीराच्या ठरावीक जागी क्रमाने हात ठेवायचे, प्रत्येक जागी तीन मिनिटे थांबायचे, आणि हे एकवीस दिवस न चुकता स्वतःवर करायचे, अशी पद्धत आहे. हात ठेवून बहात्तर मिनिटे स्वस्थ पडून राहिले की बरे वाटते, यात मला काही शंका नाही. आमच्या वर्गातल्या कित्येकींनी घरात इतका वेळ सलग स्वतःसाठी कधी काढलेलाच नव्हता.

पाच तत्त्वांचा भाग दुसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीनंतर आला आणि तासाभरात आटोपला. पण तो तास ताईंनी उत्तम घेतला, हे मोकळेपणाने सांगते. पुस्तिकेत तत्त्वे अशी दिली आहेत: केवळ आजच्या दिवशी मी रागावणार नाही, केवळ आजच्या दिवशी मी काळजी करणार नाही, मी कृतज्ञ राहीन, मी माझे काम मनापासून करीन, मी सर्वांशी दयेने वागेन. सकाळ-संध्याकाळ हात जोडून ती मनात धरावीत आणि तोंडाने म्हणावीत, असा मूळ संकेत आहे. ताईंनी ती नुसती म्हणून घेतली नाहीत. त्यांनी प्रत्येकाला एक कोरा कागद दिला आणि सध्या जिवाला लागलेल्या सगळ्या काळज्या लिहायला सांगितल्या. माझ्या शेजारी बसलेल्या एका निवृत्त गृहस्थांनी दोन्ही बाजू भरून लिहिले: पत्नीच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया, मुलाची नोकरी, सोसायटीचा पुनर्विकास, स्वतःचा रक्तदाब. मग ताई म्हणाल्या, "यातलं आज दिवे लागायच्या आत तुमच्या हातून होण्यासारखं जे असेल, फक्त त्याच्याभोवती गोल करा." त्या गृहस्थांनी बराच वेळ कागदाकडे पाहिले आणि "डॉक्टरांची वेळ घेणे" एवढ्याच एका ओळीभोवती गोल केला. "आता बाकीचा कागद उद्यापर्यंत माझ्याकडे राहू दे," असे म्हणून ताईंनी तो घडी करून खरोखरच आपल्या पिशवीत ठेवला. गृहस्थ हसले, आणि सुट्टीत त्यांनी तो फोन केला.

या पद्धतीचे सगळे बळ "केवळ आजच्या दिवशी" या अटीत आहे, असे मला वाटते. आयुष्यभर रागावणार नाही अशी शपथ कोणीही पाळू शकत नाही, आणि ती मोडली की माणूस सगळेच सोडून देतो. आजच्यापुरते मात्र जमते. संकटात तर एक दिवसही फार मोठा असतो. तिथे ही अट आणखी आखूड करावी लागते. अपघात विभागात मी ती "ही पाच मिनिटे" इतकी आखूड केली आहे.

एक प्रसंग सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. दुचाकीवरून पडलेल्या एका तरुणाचे वडील काउंटरवर हात आपटत विचारत होते की स्कॅनला इतका उशीर का. त्यांच्या मागे दहा-बारा माणसे जमलेली, प्रत्येकाच्या हातात फोन. अशा वेळी माझेही कान तापतात आणि आवाज चढतो. वर्गात शिकवल्याप्रमाणे मी एक हात स्वतःच्या पोटावर ठेवला, श्वास घेतला त्याहून सावकाश सोडला, आणि "ही पाच मिनिटे रागावणार नाही" असे मनात म्हटले. सावकाश सोडलेल्या श्वासाने हृदयाची गती थोडी उतरते, हे शरीरशास्त्राला ठाऊक असलेले आहे; त्यासाठी विश्वशक्ती मानायची गरज नाही. मग काउंटरच्या बाहेर येऊन मी त्यांच्या बाजूला उभी राहिले आणि म्हणाले, "काका, मुलगा बोलतोय. त्याला आत्ताच स्कॅनला नेलंय. अर्ध्या तासात डॉक्टर तुमच्याशी बोलतील, आणि तोवर मी इथंच आहे." ते लगेच शांत झाले नाहीत. पण त्यांनी प्रश्न बदलला. उशीर का झाला याऐवजी रक्त लागेल का, असे विचारले. त्या प्रश्नाचे उत्तर देता येत होते, आणि मागच्यांपैकी दोघांना रक्तपेढीची वाट दाखवता आली.

जागतिक आरोग्य संघटनेने 2011 मध्ये संकटग्रस्तांना द्यायच्या मानसिक प्रथमोपचाराची मार्गदर्शिका काढली. पाहा, ऐका आणि मदतीशी जोडून द्या, अशी तिची तीन सूत्रे आहेत, आणि खोटी आश्वासने देऊ नका, असा तिचा स्पष्ट इशारा आहे. आमचे प्रशिक्षण याच धर्तीवर झालेले आहे. रेकीची तत्त्वे आणि ही सूत्रे एकमेकांना चांगली पूरक ठरतात, असा माझा अनुभव आहे. मार्गदर्शिका सांगते समोरच्यासाठी काय करावे. तत्त्वे सांगतात ते करण्याआधी स्वतःला कसे सावरावे. काळजीत बुडालेल्या माणसाला "सगळं ठीक होईल" असे सांगणे खोटे असते, कारण ते आपल्याला ठाऊक नसते. "आज रात्री काय होणार आहे तेवढं मी सांगते" हे खरे असते, आणि त्याला टेकून बसता येते.

चौथ्या तत्त्वाकडे, म्हणजे काम मनापासून करण्याकडे, वर्गात फारसे लक्ष दिले गेले नाही, आणि मला ते करुणेइतकेच महत्त्वाचे वाटते. करुणा म्हणजे डोळ्यांत पाणी येणे, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात केसपेपरवरचे नाव आधार कार्डाशी जुळवून पाहणे हीसुद्धा करुणाच आहे, कारण नावात फरक राहिला की योजनेची मंजुरी अडकते आणि त्या घराला पैशांसाठी दारोदार फिरावे लागते. घाईगर्दीत, आरडाओरड्यात, एका कागदावरचे एक नाव काळजीपूर्वक लिहिणारा कारकून त्या कुटुंबावर मोठे उपकार करत असतो. उसुई यांनी दया आणि कष्टाळूपणा ही तत्त्वे एकमेकांशेजारी ठेवली आहेत, हे उगीच नसावे.

कृतज्ञतेचे तत्त्व स्वतःपुरते ठीक आहे. ज्याचे माणूस नुकतेच गेले आहे त्याला "जे आहे त्याबद्दल कृतज्ञ राहा" असे सांगणे क्रूरपणाचे होईल, आणि हे वर्गात ठासून सांगायला हवे होते. रागाच्या तत्त्वालाही हेच लागू आहे. ते मी माझ्यासाठी म्हणायचे असते. नातेवाइकाला ऐकवायचे नसते. ज्याला खाट मिळाली नाही, ज्याला औषध बाहेरून आणायला लावले, त्याचा राग रास्त असू शकतो, आणि त्याची तक्रार नोंदवून घेणे हे माझे काम आहे. शांततेच्या नावाखाली गाऱ्हाणे दाबले जाऊ लागले, तर त्यात दया कुठेच उरत नाही.

वर्गात शिकवलेला आणखी एक नियम मला मनापासून आवडला: समोरच्याच्या परवानगीशिवाय रेकी द्यायची नाही. संकटात सापडलेल्या माणसाच्या शरीरावर आणि वेळेवर सगळेच हक्क सांगत असतात. कोणी सुई टोचतो, कोणी कपडे कापतो, कोणी सही घेतो. "तुमचा हात धरू का?" असे विचारणारा एखादाच भेटतो. रेकी न मानणाऱ्यांनीही हा नियम उचलावा.

आता दाव्यांविषयी. पुस्तिकेच्या शेवटच्या पानांवर मधुमेह, संधिवात, अगदी कर्करोगापर्यंत रेकीने गुण आल्याचे अनुभव छापलेले आहेत. हे मला अजिबात मान्य नाही. नैराश्य आणि चिंता यांवर रेकीचा उपयोग होतो का, याचा कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेने 2015 मध्ये प्रसिद्ध केलेला आढावा केवळ तीन अभ्यास आणि 124 सहभागी यांवर बेतलेला होता, आणि रेकी उपयोगी आहे किंवा नाही हे ठरवायला पुरेसा पुरावा नाही, असाच त्याचा निष्कर्ष होता. जी ऊर्जा हातांतून वाहते असे सांगितले जाते, ती कोणत्याही उपकरणाने मोजली गेलेली नाही. मधुमेह आणि कर्करोग यांसारख्या आजारांवर चमत्कारिक उपायांची जाहिरात करण्याला आपल्याकडे 1954 च्या कायद्याने बंदी आहे, आणि ती योग्यच आहे, कारण औषध थांबवून उशिरा आलेले रुग्ण आम्ही पाहतो. ताईंनी तोंडी सांगितले की डॉक्टरांची औषधे बंद करू नका. हेच वाक्य पुस्तिकेच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत छापायला हवे. फिजिओथेरपिस्ट मुलींनी हाच मुद्दा काढला तेव्हा पुढच्या आवृत्तीत बदल करू, असे त्या म्हणाल्या.

दुसरी न पटलेली गोष्ट मोबदल्याची. रेकी फुकट देऊ नये, फुकट दिलेल्याची किंमत राहत नाही, असे आम्हाला सांगितले गेले. शिकवण्याचे शुल्क घेणे रास्त आहे. हॉलचे भाडे, जेवण, ताईंचा वेळ यांचा हिशोब केला तर साडेचार हजार फार नाहीत. पण हे तत्त्व म्हणून शिकवू नये. ताकाता यांनी मास्टर, म्हणजे रेकी शिक्षकाच्या, पदवीसाठी दहा हजार डॉलर ठरवले होते, आणि मोठ्या रकमांची परंपरा तिथून रूढ झाली. भूकंपानंतर ज्यांचे घर जळून गेले होते, त्यांच्याकडे उसुई यांना द्यायला काय असणार होते, हा प्रश्न मी वर्गात विचारला. ताई थोडा वेळ थांबल्या आणि म्हणाल्या की याचा त्या विचार करतील. ते उत्तर मला आवडले.

तुम्ही नाव नोंदवणार असाल तर आधी फोन करून पाच तत्त्वांना किती वेळ दिला जातो ते विचारा, आणि आजार बरे करण्याची हमी कोणी देत असेल तर तिथून परत फिरा. नुकताच मोठा आघात सोसलेल्यांनी, किंवा ज्यांना आठवडेच्या आठवडे झोप येत नाही, छाती धडधडते, जगणे नकोसे वाटते, त्यांनी अशा वर्गावर विसंबून राहू नये. त्यांच्यासाठी सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची दूरध्वनी सेवा 14416 या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य सुरू असते आणि तिथे मराठीत बोलता येते. उलट, ज्यांचे कामच इतरांच्या संकटात उभे राहण्याचे आहे, म्हणजे सिस्टर, रुग्णवाहिकेचे चालक, पोलीस, अग्निशमन दलाचे जवान, घरी दीर्घकाळ आजारी माणसाची सेवा करणारे, त्यांना त्या एका तासातून हाताशी राहील असे काही मिळेल.

पाच तत्त्वांवर, भूकंपाच्या प्रसंगासह आणि कागदाच्या त्या अभ्यासासह, फक्त एका दिवसाचा वर्ग घ्यावा, असे मी ताईंना लेखी कळवले आहे. दुसऱ्या पदवीला मी जाणार नाही. पण असा वर्ग सुरू झाला, तर आमच्या विभागातल्या पाळीवर नसलेल्या सगळ्या सिस्टरांना मी तिथे घेऊन जाईन.